वाकळेचं पोट

गडमुडशिंगीत आक्काताई कांबळ्यांचं घर विचारलं, तर समोरचा माणूस आधी डोकं खाजवतो. "कुठली आक्काताई ओ पावणं? आमच्यात पाच-सहा हाईत." पण वाकळवाली म्हटलं, की तोच माणूस हातातलं काम टाकून दारापर्यंत सोडायला येतो. पाण्याच्या टाकीला वळसा, डावीकडं तिसरं घर, दाराला निळा रंग, आणि ओट्यावर कायम अर्धवट पसरलेली एक वाकळ. वाकळ म्हणजे गोधडीच, पण आमच्याकडं गोधडी म्हटलं की ती पुण्याहून आल्यासारखी वाटते. त्या वाकळेच्या कडेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसलेल्या असतात त्या आक्काताई. वय सहासष्ट, बोलणं खणखणीत, आणि सुईत दोरा ओवायला अजून कुणाची मदत लागत नाही.

वाकळवाली म्हटलेलं त्यांना आवडत नाही. हाकेला ओ देतात, पण कपाळाला एक आठी पडतेच. त्याला कारण आहे, आणि ते त्यांच्या आईपाशी जाऊन पोचतं.

आई धोंडुबाई. चाळीस वर्षं ती गावातून चालत कोल्हापूरला जायची आणि मंगळवार पेठेतल्या घरांमधून वाकळा शिवायची. त्या काळी वाकळवालीला उंबऱ्याच्या आत घेत नसत. मागच्या परड्यात गोठ्याच्या कडेला जागा दाखवायची, जुनी लुगडी-धोतरं पुढ्यात टाकायची, आणि दुपारी भाकरी द्यायची. द्यायची म्हणजे वरून टाकायची, हाताला हात लागू नये म्हणून. धोंडुबाई पदर पसरून ती झेलायची. काम काढायचं असलं की दारातून हाक यायची, "ए वाकळवाले!" चाळीस वर्षांत त्या पेठेत एकाही माणसानं, बाई, तुझं नाव काय, असं विचारलं नाही. आक्काताई तेव्हा आठेक वर्षांची पोर. आईचं बोट धरून जायची, म्हणून हे सगळं तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलेलं.

वाकळ शिवायची एक रीत असते. जुन्या कापडांचे चार-पाच थर अंथरायचे, वर रंगीत ठिगळं मांडायची, आणि कडेपासून टाके घालत, फिरत फिरत आत यायचं. महिनाभर असं फिरलं की शेवटी मधोमध वीतभर चौकोन राहतो. ते वाकळेचं पोट. ते बंद करायच्या आधी त्यात जोंधळ्याच्या भाकरीचा एक तुकडा घालायचा. तुकडा तीन उन्हं वाळवून दगडासारखा कडक केलेला, चिंधीत बांधलेला. धोंडुबाई ज्या घरची वाकळ, त्या घरानं पदरात टाकलेल्या भाकरीतलाच तुकडा मोडून ठेवायची. चिंधी बांधायचं काम पोरीकडं. पोरगी दातात धरून अशी करकचून गाठ आवळायची, की सोडायची म्हटलं तर बापालाही सुटली नसती.

एकदा पोटात कावळे ओरडत असताना पोरीनं विचारलं, "आपुन अर्धपोटी, आन वाकळंला कशाला भाकरी?"

"वाकळ उपाशी ऱ्हायली की तिच्याखाली निजणाऱ्याला झोप लागत न्हाय," धोंडुबाई म्हणाली. "झोप लागली न्हाय की सकाळी उठून ती माणसं आपल्यावरच डाफरत्यात. त्यापरास दिलेला बरा एक तुकडा."

छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा या घरातले देव पंचगंगेत गेले, अंगारे गेले, ताईत गेले. धोंडुबाईनं स्वतःच्या हातानं सगळं टोपलीत भरून दिलं. भावकीतल्या एका शिकलेल्या माणसानं पुढं तिला टोकलंही, की बाई, सगळं सोडलंस, मग हा वाकळेतला तुकडा कशाला ठेवलास? ती म्हणाली, "त्ये देवाचं न्हवं. त्ये भुकंचं हाय."

आई गेली, वाकळ आक्काताईंच्या हातात राहिली. नवरा गणपती साखर कारखान्यातून निवृत्त झाला आणि पुढं वारला, पोरगा प्रसेनजीत नोकरीला लागला, सून मनाली आली. सगळ्यांच्या अंगावर आक्काताईंच्या हातच्या वाकळा. बाहेरची गिऱ्हाइकं मात्र कमी होत गेली. दुकानात रंगीबेरंगी ब्लँकेट दोन मिनिटांत मिळत असताना महिनाभर कोण थांबतंय? आक्काताईंनी मनाची तयारी केली होती, की हात आहे तोवर शिवायचं आणि मग सुई गुंडाळून ठेवायची.

अशात एक दिवस संयोगिता आली. ही मुलगी कोल्हापुरात लोकांची घरं सजवून देते. नवीन बंगला बांधला, की भिंतीवर काय लावायचं, कोपऱ्यात काय ठेवायचं, हे घरमालकाला कळत नसतं. ते तिला कळतं, असं घरमालकाला वाटत असतं. रस्त्यावरून जाताना तिला कुंपणाच्या गडग्यावर वाळत घातलेली वाकळ दिसली आणि तिनं गाडी थांबवली.

"मावशी, ही भिंतीवर लावायला मिळेल का?"

आक्काताईंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "का गं बाई? भितीला थंडी वाजती व्हय?"

संयोगिता हसली, पण हटली नाही. ओट्यावर बसून तिनं मोबाईलमध्ये चित्रं दाखवली. मंगळवार पेठेत एकांनी जुनं घर पाडून तीन मजली नवं बांधलंय. दिवाणखान्याच्या एका भिंतीवर तिनं वारली चित्र लावलंय, दुसरीवर पिंगुळीची चित्रकथी, जिन्याखाली मातीचा घोडा, दारात पितळेच्या घंटा. एक मोठी पांढरी भिंत रिकामी आहे आणि तिला तिथं वाकळ हवी आहे.

"आणि खाली पितळेची पट्टी लावणार आम्ही. सगळ्याच वस्तूंखाली लावतो. तुमचं नाव येईल त्यावर."

"माझं? वाकळवाली म्हणून?"

"नाही हो. आक्काताई कांबळे, गडमुडशिंगी."

इथं आक्काताईंच्या हातातली सुई थांबली. मनाली आतून चहा घेऊन आली, तर सासूबाई गप्प. आक्काताई गप्प बसल्यात म्हणजे कुणीतरी गेलं की काय, असं तिला क्षणभर वाटलं. मंगळवार पेठेत, भिंतीवर, पितळेत नाव! पैशाचं काय बोलणं झालं ते मनालीनंच केलं; आक्काताईंचं लक्ष नव्हतं.

चाळीस दिवस त्यांनी ती वाकळ शिवली. प्रसेनजीतच्या लग्नातली मोरपंखी साडी त्यात गेली, मनालीच्या ओटभरणीची हिरवी गेली, स्वतःची एक जांभळी इरकल, जिला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, तीही गेली. टाका असा, की मुंगीनं चालावं तर तिला वाट सापडावी. आणि मुंगीचं नाव निघालंच आहे, तर आक्काताईंनी शेवटच्या दिवशी काय केलं तेही सांगून टाकतो.

त्या दिवशी त्यांनी पुरण घातलं. वाकळेच्या पोटाशी बसल्या, चिंधी काढली आणि तिच्यात तुपानं थबथबलेला पुरणपोळीचा तुकडा ठेवला.

मनालीनं बघितलं. "आत्ती, गोड घालतायसा? आन वाळवलं बी न्हाय?"

"गप बस. बंगल्यात चाललीया लेक. तिला काय वाळकी भाकरी द्यायची?"

साठ वर्षांत आईचा नियम मोडला नव्हता. मोडला तो आनंदाच्या भरात. माणूस दुःखात जपून असतो. आनंदात त्याचा तोल जातो, तसं झालं.

आठवड्यानं संयोगितानं फोटो पाठवला. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर वाकळ, आणि खाली पट्टी. आक्काताई मनालीला म्हणाल्या, "मोठं कर." तिनं केलं. "आजून मोठं कर." असं करत करत वाकळ दिसेनाशी झाली आणि मोबाईलभर नुसतं नाव उरलं. ते त्यांनी चौथी पास झालेल्या बाईनं वाचावं तसं एक एक अक्षर लावून वाचलं. मग शेजारणीला बोलावून वाचायला लावलं. ती वाचताना अडखळली, तर तिला परत वाचायला लावलं.

पुढं तीन आठवडेही गेले नाहीत, आणि संयोगिता दारात उभी राहिली. तोंड उतरलेलं. हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत वाकळ. पोटाशी कात्रीनं टराटरा फाडलेली.

झालं होतं ते असं. घरातल्या बाईंना सकाळी भिंतीवर एक काळी रेघ दिसली. विजेच्या बोर्डापासून निघून तिरकी वर, थेट वाकळेत. जवळ जाऊन बघतात तर मुंग्या. वाकळ खाली काढली, तर मधोमध काहीतरी गाठीसारखं लागलं. कापून बघितलं, तर चिंधीत बांधलेलं काळं, तेलकट आणि मुंग्यांनी बुजबुजलेलं. बाई किंचाळल्या. शेजारीपाजारी जमले. कुणीतरी म्हणालं, करणी आहे. दुसरं कुणीतरी म्हणालं, गाठ मारून चिंधीत बांधलंय म्हणजे करणीच. दुपारपर्यंत हे गल्लीच्या टोकाला पोचलं.

"मावशी, असलं आत घालतात का? मला तरी सांगायचं," संयोगिता रडकुंडीला आली होती. "माझी अजून चार घरं ठरली होती तुमच्या वाकळांसाठी. आता एकच करता येईल. यापुढं आत काहीही घालायचं नाही. रिकामी शिवायची. तसं कबूल असेल तर मी त्यांना समजावते."

"आन पट्टी?" आक्काताईंनी विचारलं.

"काढली."

मनाली खवळली. "करणी म्हणायला लाज वाटत न्हाय त्यांला? आमच्या घरात लिंबूमिरची बी न्हाय!" पण आक्काताई फाडलेल्या भोकात बोट घालून बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मुंग्यांचं म्हणशील तर मीच श्याण खाल्लं. आईची भाकरी घातली असती तर मुंगी फिरकली नसती." आणि मग, आवाज खाली आणून, "पर करणी म्हणाय नको हुतं."

तो शब्द त्यांना लागला. आईनं ज्या पेठेत चाळीस वर्षं कुणाच्या काडीला हात लावला नाही, तिथं तिच्या लेकीचं नाव पितळेत आलं, तीन आठवडेही टिकलं नाही, आणि आता गल्लीभर झालं ते असं.

हातात एक लहान वाकळ होती, पोटापर्यंत आलेली. संयोगितानं सांगितल्याप्रमाणे ती रिकामीच बंद करावी म्हणून आक्काताई बसल्या. टाका घातला, उसवला. दुसऱ्या दिवशी परत घातला, परत उसवला. ओट्यावरून जाणारी-येणारी माणसं बघत होती, की वाकळवालीचा हात थांबलाय. रिकामी शिवली तर काम चालू राहील, पट्टीही परत लागेल. फक्त आईनं साठ वर्षांपूर्वी अर्धपोटी राहून जे केलं, ते अडाणीपणा होता असं कबूल केल्यासारखं होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फाडलेली वाकळ पिशवीत भरली.

"मनाली, स्कुटी काढ. मंगळवार पेठेत जायाचं हाय."

"भांडायला?"

"सांगाय."

संयोगिताला फोन करून मनालीनं पत्ता घेतला. पोरगी घाबरून स्वतःही तिथं येऊन थांबली. घर हंबीररावांचं. हंबीरराव साठीला टेकलेले, दुधाचा मोठा धंदा, आवाज असा की कुजबुजले तरी कोपऱ्यावर ऐकू जावं. माणूस वाईट नाही. दारात बायामाणसं बघून आधी "या की, आत या," म्हणाले आणि मग राग आठवला.

"मावशी, एक विचारतो. तुमच्यात असलं काय मानत न्हाईत म्हणत्यात. मग हे काय वो?"

"मानत न्हाईच," आक्काताई म्हणाल्या. "बसू का?"

"बसा की."

त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. जमिनीवर वाकळ पसरून तिच्या कडेला बसल्या, कारण वाकळेबद्दल बोलायचं तर त्यांना दुसरीकडं बसून बोलताच येत नाही. त्यांनी पोटाची रीत सांगितली. पोळी घालण्यात आपली चूक झाली, हेही सांगितलं. हंबीररावांची बायको स्वयंपाकघराच्या दारातूनच ऐकत होती. पुढं यायला तयार नव्हती. हंबीरराव मान हलवत होते, पण पटल्यासारखी नव्हे.

"बरं, रीत असंल. पर पुरावा काय? उद्या गल्लीतलं लोक विचारणार मला. अशी रीत आमी तर कदी ऐकली न्हाय."

कोपऱ्यातल्या दिवाणावर हंबीररावांची आई, तानाबाई, बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, कान शाबूत, आणि मांडीवर एक जुनी वाकळ. इतकी धुतलेली, की रंग कुठला होता ते कापडालाही आठवत नसावं. आक्काताईंचं तिकडं लक्ष गेल्याचं बघून हंबीरराव ओशाळले.

"आईला भारीतली रजई आणलीया. पर हे बोचकं काय सोडत न्हाय."

"रजईत झोप लागत न्हाय मला," तानाबाई म्हणाल्या. "तुला शंभरदा सांगितलंय."

आक्काताई उठल्या. दिवाणापाशी गेल्या आणि न विचारताच त्या वाकळेच्या कडेवरून अंगठा फिरवला. तीन बारके टाके, एक लांब. तीन बारके, एक लांब. कोपऱ्यात वळताना दुहेरी. हा टाका कोल्हापूर जिल्ह्यात एकच हात घालत होता.

"काकी, ही कुणी शिवली?"

"वाकळवालीनं. हंबीर पोटात हुता तवा. मागं परड्यात बसायची ती. तिच्यासंगं एक शेंबडी पोरगी असायची."

मनालीनं पदर तोंडाला लावला. आक्काताईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"काकी, मधलं चार बोटं उसवू का? लगेच शिवून देतो. शब्द हाय माझा."

"अवो, एक फाटली ती बास की!" हंबीरराव पुढं आले.

तानाबाईंनी हात वर केला. "उसव गं तू."

आक्काताईंनी डोक्याच्या अंबाड्यात खोचलेली सुई काढली. वाकळ दिवाणावर पसरली, टाक्यांच्या वाटेनं बोट फिरवत मध्यावर आल्या आणि एकेक टाका उचलून मोकळा केला. दोन थरांच्या मध्ये बोटं घालून त्यांनी चाचपलं आणि बाहेर काढली ती सुपारीएवढी एक पुरचुंडी. उडालेल्या हिरव्या रंगाची. दारातली हंबीररावांची बायको एक पाऊल मागं सरकली.

गाठ नखानं सुटेना. आक्काताईंनी ती उजेडात धरली. एकावर एक दोन पीळ, आणि कडेला चिंधीचे धागे चावल्यासारखे तुटलेले. त्यांनी गाठ दातात धरली, जशी तेव्हा धरली होती, आणि तोंडात चिंधी असतानाच त्यांचे डोळे भरून आले. आईचं हिरवं लुगडं, परड्यातलं ऊन, शेणाचा वास, सगळं त्या गाठीबरोबर सुटलं.

आत काही नव्हतं. बोटाला चिकटेल इतकी भुकटी फक्त.

तानाबाईंनी वाकून बघितलं. "रिकामीच की गं."

"पचली, काकी," आक्काताई म्हणाल्या. "साठ वर्सं निजलाईसा तुमी हिच्याखाली. पोटात काय ऱ्हातंय?"

"आन भाकरी कुठली हुती?"

"ह्याच घरची. आईच्या पदरात टाकलेली. तिच्यातला तुकडा तिनं तुमच्या वाकळंला दिला, अर्धी मला दिली, आन उरली ती आपुन खाल्ली. ही गाठ माझी हाय. ती शेंबडी पोरगी मीच."

हंबीरराव खाली बसले. ज्या वाकळेत ते रांगले, जिच्यावर मुतले, जिला ते बोचकं म्हणत होते, तिच्याकडं ते बघत राहिले.

तानाबाईंनी ती रिकामी चिंधी हातात घेतली. "सासूबाई टाकायच्या भाकरी," त्या म्हणाल्या. "वरनं. त्या आजारी पडल्या की मी टाकायचो. मीबी वरनंच टाकायचो गं. आन ती मला झोप लागावी म्हणून…" मग त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय हुतं?"

चाळीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आज कुणीतरी विचारलं.

"धोंडुबाई," आक्काताई म्हणाल्या, आणि ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्यानं, "धोंडुबाई!"

हंबीरराव उठून कपाटाकडं गेले. खणातून पितळेची पट्टी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुढं धरली. "मावशी, आजच लावतो. आन गल्लीला मी बघतो."

"आज नगं, दादा. फाटक्या, उपाशी वाकळंखाली माझं नाव कशाला?"

"मग मावशी," संयोगिता हळूच म्हणाली, "भाकरी घाला. पण वाळवलेलीच."

तानाबाई दिवाणाला धरून उभ्या राहिल्या. त्यांची सून धावली, "आत्ती, मी करतो की भाकरी." म्हातारीनं तिचा हात बाजूला केला. स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसून त्यांनी जोंधळ्याचं पीठ मळलं. भाकरी गोल झाली नाही, एका बाजूला फाटली, एका बाजूला करपली. ती गरम भाकरी घेऊन त्या बाहेर आल्या. आक्काताईंनी लहानपणच्या सवयीनं पदर पुढं केला.

"पदर न्हाय," तानाबाई म्हणाल्या. "हात कर."

आक्काताईंनी हात केला. तानाबाईंनी भाकरी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि आपले दोन्ही हात त्यांच्या हाताखाली धरले. चटका दोघींनाही बसत होता. आक्काताईंनी एक तुकडा मोडून तोंडात घातला. करपलेला होता. तेवढा गोड घास त्यांनी पुरणपोळीचाही खाल्ला नव्हता, असं त्या नंतर मनालीला म्हणाल्या. अर्धी मनालीला दिली. एक तुकडा वाळवायला म्हणून पदराच्या टोकाला बांधला.

मग जुन्या वाकळेचं पोट त्यांनी तिथंच शिवून दिलं. तीन बारके टाके, एक लांब. हंबीररावांनी विचारलं, ही पण भिंतीवर लावूया का, काचेत घालून? तेव्हा दोघी म्हाताऱ्या एकदमच त्यांच्या अंगावर आल्या. "ती अंगावर घ्यायची हाय!"

फाडलेली वाकळ घेऊन आक्काताई आणि मनाली निघाल्या. गल्लीत, करणीवाली आली म्हणून दोन-तीन दारांतून माणसं डोकावत होती. मनालीनं स्कुटी चालू केली. ती कोपऱ्यापर्यंत पोचली नाही, तोच मागून हाक आली. ऐंशीच्या बाईला एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. हंबीरराव कुणावर गेलेत ते त्या दिवशी पेठेला कळलं.

"ए धोंडुबाईच्या लेकी! तीन उन्हं म्हंजे तीनच गं! चौथ्या दिवशी वाट बघतो!"

दारादारांतली माणसं ऐकत होती. आक्काताईंनी मनालीच्या खांद्याला धरून गाडी थांबवायला लावली. मागं वळून त्यांनी ओ दिली, आणि कपाळाला आठी पडली नाही.